पुलरच्या चाहतीला पत्र

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीचं बोलावणं आल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं होतं, पण तुझ्या हातचं पत्र आल्यावर जास्त बरं वाटलं. अभिनंदन एकदाच करतो. पुढचे अकरा महिने तुझं कोणी करणार नाही.

पत्रात तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस, दोन वेगळ्या परिच्छेदांत. अभ्यासाच्या टेबलासमोर अमेरिकन मरीन कॉर्प्सच्या चेस्टी पुलरचा फोटो लावला आहेस, ही एक. आणि मुलींना इन्फन्ट्री नाही, सिव्हिलची पदवी असल्यामुळे बहुधा इंजिनिअर्स मिळेल, म्हणजे 'लढणार दुसरेच, आम्ही पूल बांधत बसणार', ही दुसरी. मला हा एकच परिच्छेद वाटतो. म्हणून उत्तरही एकच लिहितो. जरा लांबेल. मी स्वतः सॅपर, म्हणजे फौजेतला इंजिनिअर, त्यामुळे दुसऱ्या वाक्याचा थोडा रागही आला आहे, तो वाचताना गृहीत धर.

फोटो काढू नकोस. लुईस बर्वेल पुलर, म्हणजे तुझा चेस्टी, भिंतीवर लावण्याच्या लायकीचा आहेच. जन्म २६ जून १८९८, व्हर्जिनिया. महायुद्ध हुकेल या घाईने त्याने मिलिटरी कॉलेज वर्षभरात सोडलं आणि १९१८ मध्ये मरीन कॉर्प्समध्ये, म्हणजे समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या दलात, साधा शिपाई म्हणून भरती झाला. युद्ध हुकलं ते हुकलंच. १९१९ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला आणि काही दिवसांतच फौजेत कपात आली म्हणून त्याला घरी बसवलं. पठ्ठ्या पुन्हा आला, कॉर्पोरल म्हणून, आणि हैतीला गेला. सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा कायमचा मिळायला १९२४ उजाडलं. नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक पाच वेळा मिळवणारा एकमेव मरीन म्हणून तू त्याला ओळखतेस. ती पाच पदकं सदतीस वर्षांच्या नोकरीत पसरलेली आहेत हे रील्समध्ये कोणी सांगत नाही. मधली वर्षं गस्ती, कवायती, जहाजावरची ड्यूटी, पेकिंगच्या वकिलातीवरचा पहारा आणि शाळेत शिकवणं यांत गेली. आणि ज्या फौजेत बढती मिळायची ती केवढी? १९३९ मध्ये सगळी मरीन कॉर्प्स मिळून जेमतेम १९ हजार माणसं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

इथे एक कडू घोट घे. पहिले दोन नेव्ही क्रॉस निकाराग्वातले आहेत, १९३० आणि १९३२ चे. तिथे जंगलात तो ज्या सँडिनोच्या माणसांच्या मागावर फिरत होता, तो अमेरिकी फौजेविरुद्ध लढणारा बंडखोर सँडिनो तिथल्या लोकांच्या लेखी देशभक्त आहे. हैती तर १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होतं. परकी पलटण गावात शिरली की काय होतं ते आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. पुलरचा पराक्रम वाचताना झोपडीच्या आतून ते कसं दिसलं असेल हेही मनात असू दे. मात्र तिथल्या छोट्या, हलक्या, पायी गस्तींत तो जे शिकला तेच पुढे पॅसिफिकमध्ये कामी आलं हेही खरं.

पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर तो १९४२ च्या सप्टेंबरात उतरला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. २४ ऑक्टोबरच्या रात्री, धो धो पावसात, जपानी सेंदाई डिव्हिजन हेंडरसन विमानतळाच्या दक्षिणेच्या जंगलातून चालून आली. समोर पुलरची एकच बटालियन, तीही एका बटालियनला न झेपणाऱ्या लांबीवर ताणलेली. त्याच्या सार्जंट जॉन बॅसिलोनने त्या रात्री मशीनगनवर काय केलं ते तुला पाठ असणार. मला मात्र त्या रात्रीतली वेगळी गोष्ट थोर वाटते. कुमक म्हणून आर्मीच्या १६४ व्या इन्फन्ट्रीची एक बटालियन आली. नॉर्थ डकोटाच्या नॅशनल गार्डची पोरं, मरीनही नव्हेत. त्यांना स्वतंत्र पट्टा नेमून द्यायला वेळच नव्हता. मग त्यांच्या तुकड्या अंधारात, चिखलात, गोळीबार चालू असताना मरीनांच्या खंदकांत शेजारी-शेजारी नेऊन बसवल्या गेल्या. रात्री, पावसात, अनोळखी माणसं आपल्या माणसांत मिसळायची आणि आपसांत गोळी चालू द्यायची नाही! त्याला आधी टाकलेल्या टेलिफोनच्या तारा लागतात, आधी ठोकलेलं काटेरी कुंपण लागतं, आणि शेजारचा खंदक नेमका कुठे आहे हे प्रत्येक कॉर्पोरलला न बघता माहीत असावं लागतं. पुलर आपली रांग पायी तपासणारा अधिकारी होता. तो पट्टा पहाटेपर्यंत टिकला त्यात याचा वाटा मोठा आहे.

आता त्याच माणसाचं दुसरं बेट बघ. पेलेल्यू, १५ सप्टेंबर १९४४. डिव्हिजनचा प्रमुख रुपर्टस म्हणाला होता, तीन-चार दिवसांत आटोपेल. प्रत्यक्षात नोव्हेंबरचा शेवट आला. कर्नल नाकागावाच्या जपान्यांनी या वेळी किनाऱ्यावर येऊन जीव दिला नाही. ते उमुरब्रोगोल डोंगराच्या प्रवाळ खडकातल्या गुहांत दबा धरून बसले. सगळ्या गुहा अशा खोदलेल्या की एकीवर चढाल तर दुसरीतून गोळी. पुलर तेव्हा कर्नल, पहिल्या मरीन रेजिमेंटचा प्रमुख. ग्वाडलकॅनालच्या जखमेने मांडी इतकी सुजलेली की धड चालता येईना. काही आठवड्यांपूर्वी धाकटा भाऊ सॅम्युएल, तोही मरीनच, ग्वाममध्ये मारला गेलेला. आणि त्याने काय केलं? सरळ चढाई. आज चढाई, उद्या पुन्हा चढाई. सुमारे तीन हजारांच्या रेजिमेंटमधली १,७०० च्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, तीही आठवड्याभरात. शेवटी कोअरचा प्रमुख गायगर स्वतः पुढे आला, पुलरची अवस्था पाहिली आणि रुपर्टसची नाराजी पत्करून ती रेजिमेंट बाहेर काढली. तिच्या जागी आर्मीच्या ८१ व्या डिव्हिजनची एक रेजिमेंट आणली.

पुलरची बाजू घेणारे सांगतात की हुकूम वरून होता, तोफखाना अपुरा होता, नकाशे खोटे होते. सगळं खरं आहे. तरी माझं मत बनलेलं आहे. तिसऱ्या दिवशी जे कळलं होतं ते सहाव्या दिवशी वापरलं गेलं नाही. पुढे त्याच डोंगरावर कर्नल हॅरिसची पाचवी मरीन रेजिमेंट आली. तिने बुलडोझरने वाटा काढल्या, तोफा जवळ आणून कडे फोडले, आग ओकणारी वाहनं गुहांच्या तोंडापर्यंत नेली आणि मगच माणसं पुढे घातली. हॅरिसचा हिशेब साधा होता: दारूगोळा सढळ हाताने, माणसं चिक्कूपणाने. त्यांचीही माणसं मेलीच. पण बुलडोझर त्या रांगेत कितव्या नंबरवर आहे बघ, 'पूल बांधत बसणार' म्हणणाऱ्या बाई.

पेलेल्यूवर आणखी एक अधिकारी होता, डिव्हिजनचा उपप्रमुख. ऑलिव्हर प्रिन्स स्मिथ. उंच, शिडशिडीत, पाइप ओढणारा, मवाळ बोलणारा. बर्कलेचा पदवीधर, पॅरिसच्या फ्रेंच युद्ध महाविद्यालयात शिकून आलेला. लोक त्याला प्रोफेसर म्हणत, आणि सैन्यात ते नेहमी कौतुकाने म्हणतात असं नाही. पहिल्या महायुद्धात हा ग्वाममध्ये अडकला, मग वर्षानुवर्षं कॅप्टनच राहिला. त्याची क्लिप तुला सापडणार नाही. १९५० साली कोरियात पहिली मरीन डिव्हिजन त्याच्या हाती होती आणि पुलर त्याच्या हाताखाली रेजिमेंट सांभाळत होता. हा योग वाचण्यासारखा आहे.

इंचॉनचं उतरणं यशस्वी झालं होतं, नाताळपर्यंत घरी जायची भाषा चालू होती. स्मिथचा वरिष्ठ जनरल आल्मंड त्याला चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे पळवू पाहत होता. चोसिन जलाशयाकडे जाणारा डोंगरातला रस्ता एकच, अरुंद, बाजूला दरी. स्मिथने हुकूम मोडला नाही, पण इतका सावकाश पाळला की दिवसाला जेमतेम एक मैल. प्रत्येक टप्प्यावर दारूगोळा आणि शिधा साठवला. रेजिमेंटी एकमेकींपासून फार लांब जाऊ दिल्या नाहीत. १५ नोव्हेंबरला त्याने थेट मरीन कॉर्प्सच्या कमांडंटला पत्र लिहून आपली काळजी कळवली. कोणी त्याला भित्रा म्हणालं, कोणी हळूबाई. आणि हागारू-री नावाच्या गोठलेल्या खेड्यात त्याने धावपट्टी खणायला लावली. स्मिथने पुढे सांगितलं आहे की जखमींना काढायला धावपट्टी हवी म्हटल्यावर आल्मंडने विचारलं, कसले जखमी?

ती धावपट्टी कशी झाली ते तू नीट वाच, कारण ते तुझ्या पदवीचं काम आहे. जमीन हातभर खोलीपर्यंत गोठलेली. बुलडोझरचं पातं नुसतं घसरायचं, म्हणून पात्याला लोखंडी दात वेल्ड करून बसवले. रात्रीही काम थांबायचं नाही, दिवे लावून चालायचं. दिव्यांत चालणारं यंत्र म्हणजे डोंगरावरून अगदी आयतं लक्ष्य. २७ नोव्हेंबरला चिनी नवव्या आर्मी ग्रुपने जलाशयाच्या दोन्ही अंगांनी हल्ला केला, लाखाच्या वर माणसं. पाठोपाठ हागारूवर हल्ला आला तेव्हा इंजिनिअर बुलडोझरवरून उतरले, रायफली घेतल्या, धावपट्टीवर घुसलेल्यांना मागे रेटलं आणि परत चढून काम सुरू केलं. १ डिसेंबरला पहिलं विमान उतरलं तेव्हा पट्टी अर्धीही झाली नव्हती. पुढच्या पाच-सहा दिवसांत तिच्यावरून चार हजारांहून अधिक जखमी आणि हिमदंश झालेले जवान बाहेर गेले, आणि परतीच्या विमानांतून ताजी माणसं आत आली. जलाशयाच्या पूर्वेला आर्मीची एक तुकडी अशी विखुरलेली होती की ती जवळजवळ नामशेष झाली. तिच्यातले वाचलेले बर्फावरून खुरडत हागारूला पोचले आणि त्याच पट्टीवरून उडाले.

थंडी उणे तीस अंश सेल्सियसच्या खाली जायची. प्लाझ्मा बाटलीत गोठायचा. मरीनांबरोबर असणारे वैद्यकीय सहायक नौदलाचे असतात; ते मॉर्फीनच्या सिरेट, म्हणजे सुई लावलेल्या छोट्या नळ्या, तोंडात धरून वितळवायचे. पण लढाईच्या कामाची खरी गोष्ट पायमोज्यांची आहे. त्यांचे बूट रबरी तळाचे होते. चाललं की पाय घामेजायचा, थांबलं की तोच घाम आत बर्फ व्हायचा. उपाय एकच, कोरडे मोजे अंगाजवळ शर्टाखाली ठेवायचे आणि रोज बदलायचे. बोटं बधिर झालेला, दोन रात्री न झोपलेला वीस वर्षांचा पोरगा हे आपणहून करत नाही. त्याच्यासमोर उकिडवं बसून बूट काढायला लावणारा कोणीतरी लागतो. ज्या कंपनीत असा सार्जंट किंवा असा लेफ्टनंट होता त्या कंपनीतली माणसं चालत समुद्राकडे गेली. मरीन कॉर्प्समधली जन्मभराची नोकरी म्हणजे बहुतांशी हे आहे. बुटांची तपासणी, दारूगोळ्याची मोजदाद, जेवणाच्या रांगेत सगळ्यात धाकटा पुढे आणि अधिकारी शेवटी. युद्धकाळातही गोळीबाराचे तास थोडे आणि हे तास फार.

आता पार्ट्रिज. लेफ्टनंट कर्नल जॉन पार्ट्रिज, डिव्हिजनच्या इंजिनिअर बटालियनचा प्रमुख. फौज समुद्राकडे निघाली, कोटो-रीच्या दक्षिणेला फुंचिलिन खिंड. तिथे जलविद्युत केंद्राच्या पाइपांवरून जाणारा पूल चिन्यांनी पुन्हा पुन्हा उडवलेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वळसा नाही. पायी माणसं कशीबशी उतरली असती, पण हजाराच्या वर गाड्या आणि त्यांतले जखमी? पार्ट्रिजने सुचवलं की ट्रेडवे पुलाचे, म्हणजे चाकांसाठी दोन लोखंडी पट्ट्या असलेल्या तयार पुलाचे, भाग विमानातून टाकू. एकेक भाग टनाहून जड. असं आधी कोणी केलेलं नव्हतं, आणि छोट्या पॅराशूटने केलेली चाचणी फसली होती. स्मिथने त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाग मोडले तर? जास्तीचे मागवलेस का? दुसरी तजवीज काय? शेवटी पार्ट्रिज वैतागला आणि म्हणाला की हान नदी पार करून दिली, धावपट्टी करून दिली, पूलही करून देईन. स्मिथ हसला.

लागणार होते चार भाग, मागवले आठ. ७ डिसेंबरला पडले. एक चिन्यांच्या हाती गेला, एक मोडला, सहा उरले. ९ तारखेला पूल बसला. त्याच संध्याकाळी एका ट्रॅक्टरच्या वजनाने मधलं प्लायवूड फुटलं आणि सगळा रस्ता तुंबला. एका टेक्निकल सार्जंटने अंधारात तो ट्रॅक्टर मागे घेतला. पार्ट्रिजने हिशेब करून दोन्ही पट्ट्या जितक्या दूर सरकवता येतील तितक्या सरकवल्या. रणगाड्याला दोन इंच जागा उरली, जीपला अर्धा इंच. रात्रभर मागे-पुढे टॉर्च हलवत गाड्या पार केल्या. पुलरने त्या दिवसांत कोटो-री धरून ठेवलं, त्याचा पाचवा नेव्ही क्रॉस तिथला आहे आणि तो त्याने पुरेपूर कमावलेला आहे. पण तो अर्धा इंच नसता तर त्याची रेजिमेंट कोणत्या रस्त्याने परतली असती?

आपल्या घरचं उदाहरणही देतो, कारण तुला खडकीला कधीतरी यायचंच आहे. राम राघोबा राणे, खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सचे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे उडवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जखमी अंगाने, तीन दिवस जवळजवळ न झोपता. परमवीर चक्र. जन्मतारीख २६ जून, पुलरचीच, फक्त वीस वर्षांनी. हे मी कोणाला उगाच सांगत नाही, पण तुला भिंतीवर दुसरा फोटो लावायचा असेल तर जागा त्याच्या शेजारी आहे.

प्रशिक्षणाबद्दल तू विचारलंस की पुलरसारखं 'कडक' होणं चांगलं का. कडकपणात दोन जाती असतात. १९५६ मध्ये पॅरिस आयलंड या मरीनांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या रिबन क्रीकमध्ये एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने पोरांना शिस्त लावायला रात्री दलदलीत उतरवलं आणि सहा जण बुडाले. कोर्टमार्शलमध्ये बचावाच्या बाजूने साक्ष द्यायला निवृत्त पुलर आला, कठोर प्रशिक्षणाचं समर्थन करायला. ती साक्ष मला पटलेली नाही. पाणी किती खोल आहे हे आधी न पाहता माणसं उतरवणं याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. चेन्नईत तुला दमवतील, रडवतील. ते सोस. पण ज्या उस्तादाच्या खिशात वैद्यकीय तुकडीचा नंबर असतो आणि जो आधी स्वतः दोरावरून जाऊन बघतो, त्याचं नाव वहीत लिहून ठेव. आणि पलटणीत गेल्यावर सुभेदार साहेबांसमोर पहिले सहा महिने प्रश्न जास्त, हुकूम कमी. पुलर स्वतः शिपायातून वर आला होता, म्हणून जुन्या सार्जंटांचं ऐकायची अक्कल त्याला होती.

आईची काळजी तू एका ओळीत उडवून लावली आहेस. उडवू नकोस. पुलरचा मुलगा, तोही लुईस, मरीन लेफ्टनंट म्हणून व्हिएतनामला गेला आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये लपवून ठेवलेल्या स्फोटकाच्या सापळ्यात सापडून दोन्ही पाय गमावून परतला. बाप रुग्णालयात जाऊन त्याच्या खाटेपाशी उभा राहिला आणि रडला, हे त्या मुलानेच पुढे लिहिलं. त्याच्या त्या आत्मकथनाला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं. दोन वर्षांनी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आईला हे सांगू नकोस. पण ती ज्याला घाबरते आहे ते काल्पनिक नाही, एवढं तुला माहीत असू दे. दर रविवारी फोन कर, मिळाला नाही तर पत्र टाक.

निघायच्या आधी एक काम देतो. पेलेल्यूचा नकाशा मिळव, उंचीच्या रेषा असलेला. तू पहिल्या मरीन रेजिमेंटबरोबरची इंजिनिअर ऑफिसर आहेस असं समज. सहाव्या दिवसाची संध्याकाळ. दोन बुलडोझर चालू आहेत, पाणी कमी आहे, किनाऱ्यापर्यंतचा रस्ता तुझा. कर्नल पुलर पाय धरून बसला आहे, उद्या पहाटे पुन्हा चढाई म्हणतो आहे आणि तुला त्याने काहीही विचारलेलं नाही. त्याच्यासमोर जाऊन काय सांगशील? कोणत्या उतारावरून वाट काढशील, किती वेळ मागशील, आणि तो नाही म्हणाला तर पुढचं वाक्य काय? दोन पानं पुरेत, हाताने लिही, आकडे असू देत. लाल शाईने परत पाठवीन.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका